आडवी गाडी

पोस्टमनची मोटारसायकल शेवाळलेल्या दगडावरून घसरली आणि ओढ्याच्या मधोमध आडवी झाली. पोस्टमन तिच्याखाली. पाणी वीतभरच होतं, पण तापलेला सायलेन्सर त्यात असा फिसकारला, की आधीच पलीकडे पोचलेल्या टेलरने वळून पाहिलं. आपापल्या गाड्या काठावर लावून तो आणि मास्तर पाण्यातून धावत आले. धावत म्हणजे, साठी उलटलेली माणसं धावतात तसे.

"लागलं का रे?"

"नाही. पण पाय निघत नाहीये."

गाडीच्या गार्डने पाय वाचवला होता. बूट मात्र वाळूत रुतून बसला होता. मास्तरने हँडल धरलं, टेलरने मागची सीट. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माझं हर्नियाचं ऑपरेशन झालंय," टेलर म्हणाला.

"माझा कमरेचा पट्टा बॅगेत राहिला," मास्तर म्हणाला.

"आणि मी गाडीखाली आहे," पोस्टमन म्हणाला. "तेवढं लक्षात असू द्या."

यावर मास्तरला जे हसू फुटलं, ते आवरेना. त्याचं बघून टेलरलाही. हसता हसता हातातलं बळ गेलं आणि गाडी होती तिथेच राहिली. शेवटी पोस्टमननेच जेवणाचा डबा मागून घेतला आणि त्याच्या झाकणाने पायाखालची वाळू उकरायला घेतली. दहा मिनिटांनी पाय निघाला. बूट नंतर निघाला.

गाडी उभी करायला तीन खेपा लागल्या. पहिल्या खेपेला हँडल निसटलं. दुसऱ्या खेपेला टेलर पाण्यात बसला. तिसऱ्या खेपेला तिघांनी छातीचा भाता केला आणि एकदाची ती उभी राहिली. डावा आरसा गेला. स्टँडखाली चपटा दगड सरकवून तिघे तिथेच एका खडकावर टेकले आणि मोजे पिळू लागले. प्रत्येक जण आपलं दुखतंय कुठे ते चाचपत होता.

तेवढ्यात मास्तरचा फोन वाजला. वेल्डरच्या बायकोचा व्हिडिओ कॉल होता.

बावीस वर्षं हे चौघे वर्षातून एकदा चार दिवस गाड्या काढून निघायचे. यंदा तिघेच निघाले होते. वेल्डरला हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, आणि शब्द फार उशिरा येऊ लागले. एरवी त्याला सगळे क्रेन म्हणायचे. एकदा चिखलाच्या उतारावर तिघांच्याही गाड्या एकामागून एक पडल्या होत्या, तेव्हा त्याने एकट्याने तिन्ही उभ्या केल्या होत्या. हे तिघे कडेला बसून त्याच्याच थर्मासमधला चहा पीत होते.

"भावजी, यांना सकाळपासून चैन नाही," वहिनी म्हणाल्या. "सारखं घड्याळाकडे बोट दाखवतायत. घ्या, बोला."

पडद्यावर उशीला टेकलेला वेल्डर आला. मास्तरची ओली चिंब दाढी बघून त्याचा अर्धा चेहरा हसला.

"कोण... पडलं?"

"मी," पोस्टमनने फोनपुढे डोकं घातलं. "पुरता आडवा. बूटसुद्धा अडकला होता."

वेल्डर हसत राहिला. मग त्याने विचारलं, "उचलली... कोणी?"

"आम्हीच," टेलर छाती काढून म्हणाला. "तीन खेपांत."

वेल्डरने मान हलवली. "बरं," म्हणाला. आणि हळूच तोंड भिंतीकडे केलं.

"अहो, काय झालं?" वहिनींचा आवाज आला. "आत्ता तर हसत होतात."

पोस्टमन मोजा हातात धरून पाण्याकडे बघत बसला. मग त्याने टेलरच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मानेनेच गाडीकडे खूण केली. टेलरने आधी कपाळाला हात लावला. मग उठला.

मास्तरने फोन आभाळाकडे धरला.

"अरे, हा टेलर काहीही फेकतो," तो मोठ्याने म्हणाला. "कुठली उचलतोय? एक बाजू जरा वर आली होती, परत आपटली. मघापासून तशीच पडलीये. तुझ्याशिवाय आमच्याच्याने होतंय का?"

त्याच्या मागे दोघांनी गाडी दोन्ही बाजूंनी धरली आणि झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तशी, आवाज न करता, पुन्हा पाण्यात निजवली. पोस्टमन तिच्याशेजारी पाण्यात फतकल मारून बसला. मास्तरने फोन वळवला आणि खडकाला टेकवून ठेवला.

वेल्डरने तोंड फिरवलं. गाडी पाहिली. त्याच्या डोळ्यांत जरब आली.

"हँडल... पूर्ण... वळव."

टेलरने वळवलं.

"पाठ... गाडीकडे. खाली बसा. जोर... पायांनी."

तिघांनी तसं केलं. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तो उचलायचा, ते बघायचे.

"मी म्हणेन... तेव्हा," वेल्डर म्हणाला. "एक."

तिघांनी पकड घट्ट केली.

"दोन."

पुढचा शब्द येईना. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. वहिनींनी तोंड उघडलं आणि स्वतःच त्यावर हात ठेवला. ओढ्यात पोस्टमनने पाय वाळूत आणखी रोवले. टेलरच्या कपाळावर घाम आला.

"उचलू या का?" तो ओठातल्या ओठात म्हणाला.

"थांब जरा," पोस्टमन म्हणाला. "आपल्याला कुठे जायची घाई आहे."