उन्हात ठेवलेली डबी

अवचितगडावरच्या टाक्यापाशी पोचल्यावर सुशीलने सॅक उतरवली आणि तिला बांधलेलं घडीचं सोलर पॅनेल कातळावर पसरलं. त्याच्या वायरला मोबाइल लावला.

"बाबा, दमलात काय?"

हैबतराव वाऱ्याकडे पाठ करून, कानांवर मफलर गुंडाळून बसले होते. सुशीलने ओरडून पुन्हा विचारलं.

"कानातली मशिनं मेली चढतानाच," ते म्हणाले. खिशातून चार्जिंगची डबी काढून त्यांनी सुनेला दिली. "डबीत ठेवलीत. तुमच्या पत्र्याला लाव गो. ऊन फुकटचंच हाय."

ऋतुजाने डबी उघडून बघितली, बंद केली आणि वायर जोडली. हिरवा दिवा लागला.

खांब गावात हायवेला लागून हैबतरावांचं वालाचं शेत होतं. ते विकून अष्टमी गावात फ्लॅट घ्यावा असं सुशीलने गणपतीत सुचवलं, तेव्हापासून बापलेकांत जेवणापुरतंच बोलणं उरलं होतं. पोराला बाप हवा की शेत, हे हैबतरावांना कळत नव्हतं. आज गडावर यायचं त्यांनीच काढलं होतं.

ऋतुजाने मोबाइल उचलला, त्यावर थोडी बोटं चालवली आणि नवऱ्यापुढे धरला. "एवढंच चढलंय, बघा."

सुशीलने बघितलं. "हं."

तिने भाकरीचा डबा उघडला. "शेताचं आज विचारणार होतात ना?"

"नको. राहू दे."

"गिऱ्हाईक थांबायचं नाय."

"नाय तर नाय. बाबांचा जीव हाय त्या बांधावर. डोलवीच्या कारखान्यात माझी शिफ्ट चालू हाय तोवर आपलं भागतंय. त्यांना फ्लॅटात कोंडून मला काय मिळणार?"

"मला भाड्याचं घर चालेल," ऋतुजा म्हणाली. "बिरड्याला वाल तेवढे त्यांच्या शेतातले मिळू देत."

हैबतराव खालच्या कुंडलिका नदीकडे बघत राहिले. मफलरच्या आत दोन्ही मशिनं सकाळपासून चालू होती.

निघताना त्यांनी डबी मागून घेतली आणि पाठ फिरवून कान चाचपले. "झालं. आता ऐकू येतंय."

अर्धा गड उतरल्यावर ते थांबले. "सुशील, गिऱ्हाइकाला बोलाव."

"कशाला, बाबा?"

"शेत द्यायचंय. अष्टमीचा फ्लॅट बघा. मला एक खिडकीची खोली द्या, बास."

"तुमच्या मनात नसेल तर—"

"मनात हाय म्हणून बोलतोय. वाद घालू नको बापाशी." सुनेकडे वळून ते हसले. "आणि तू गो, वाल बाजारातले आण आता."

ते काठी टेकत पुढे निघाले. आज त्यांना हात द्यावा लागत नव्हता.

मागे सुशीलने मोबाइल उघडला. चार्जिंग पूर्ण झालं होतं. ऋतुजाने टाइप केलेली ओळ अजून तशीच होती. पुसण्याआधी त्याने ती एकदा वाचली.

'डबी रिकामी आहे. मशिनं कानातच आहेत. आता नीट बोला.'