शिशातलं जस्त

भांड्यातलं शिसं बिघडलेल्या खिरीसारखं गुठळ्या गुठळ्यांचं झालं होतं. सुधाकरकाकांनी पळीभर उचलून साच्यात ओतलं, थोडं थांबून साचा उघडला आणि गोळी फडक्यावर पाडली. गोळीच्या कडा भरल्या नव्हत्या. एका बाजूला खड्डा होता.

"बघ. तुमच्याच दुकानातला माल आहे हा."

सुलेखा हॅमिल्टनच्या 'ते रापा' भागातल्या एका टायरच्या दुकानात काउंटरवर असायची. चाकांच्या बॅलन्सिंगची काढून टाकलेली शिशाची वजनं काका तिथून बादलीने न्यायचे आणि घरच्या गॅरेजमध्ये वितळवून नेमबाजीच्या क्लबसाठी गोळ्या ओतायचे. डेअरीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सात वर्षं हे चाललं होतं. या सोमवारी मात्र ते दुकानात येऊन तिच्या मॅनेजरला नाही नाही ते बोलून गेले. म्हणून शनिवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर ती स्वतःच बघायला आली होती.

तिने पळी घेऊन भांडं ढवळलं. हॅमिल्टनला येण्याआधी नऊ वर्षं तिने कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत लॅब सांभाळली होती. इथे ते कुणी विचारलं नव्हतं.

"जस्त गेलंय यात, काका. आच वाढवली होती का?"

"वाढवली. काही तुकडे वितळेनात म्हणून."

"ते जस्तच होतं. मंद आचेवर ते वितळत नाही, वर तरंगतं. काढून टाकता आलं असतं. आता मिसळलंय, याच्या गोळ्या व्हायच्या नाहीत."

"अगं, एकेक वजन निवडून घेतलंय मी. दोन तास बसलो होतो."

ती उरलेल्या बादलीपाशी उकिडवी बसली. हल्ली काही गाड्यांना जस्ताची वजनं येत, पण त्यांच्यावर तसं कोरलेलं असे. काकांनी शिसं म्हणून बाजूला काढलेल्या ढिगात दर चौथ्या तुकड्यावर 'झेड-एन' ही जस्ताची अक्षरं होती. चांगली ठळक. तिने त्यातला एक उचलून काकांच्या हातात दिला.

"यावर किती ग्रॅम लिहिलंय?"

काका तुकडा घेऊन गॅरेजच्या दाराशी उजेडात गेले. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग मान कलती करून डोळ्याच्या कडेने पाहिला.

"पंचवीस," म्हणत त्यांनी तुकडा खिशात टाकला.

सुलेखाने वर पाहिलं. भिंतीवर क्लबमधले नेमबाजीचे कागद तारखेने लावलेले होते. नोव्हेंबरच्या कागदावरची भोकं मधल्या वर्तुळात दाटीने होती. मार्चच्या कागदावर ती उजवीकडे विखुरली होती, आणि दहापैकी सहाच होती.

"तेच दाखवायचं होतं तुला," काका म्हणाले. "डिसेंबरपासून गोळ्या भलतीकडे जातात. ईस्टरला क्लबातला ग्रॅहम आणि आम्ही चौघं रानात जाणार आहोत, हरणाच्या शिकारीला. तोवर मला धड माल पाहिजे."

सुलेखाने ढिगातले दोन तुकडे उचलले आणि एकामागून एक सिमेंटच्या जमिनीवर टाकले. पहिला बद्द वाजला. दुसरा खणकन वाजून उडाला.

"पहिलं शिसं. दुसरं जस्त. तुम्ही टाकून बघा."

काका स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि तुकडे टाकू लागले. डावीकडे शिसं, उजवीकडे जस्त. पाव तासात ढीग संपला. सुलेखाने दोन्हीकडे हात फिरवून पाहिलं. एकही चूक नव्हती. काकांचा चेहरा सैल झाला.

"चला. म्हणजे प्रश्न मिटला."

"धातूचा मिटला, काका."

काकांनी डोळे उघडले. शेजारचं गवत कापायचं मशीन चालू होतं. ते थांबल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"विमलकाकूला काही बोललीस?"

"नाही."

"आणि क्लबात?"

"मी कशाला सांगू? पण रानात झाडीत माणसं असतील तुमच्यासमोर."

"हरीण कुठलं आणि माणूस कुठला, एवढं कळतं मला."

"त्या तुकड्यावर पस्तीस होतं, काका."

त्यांनी तो तुकडा खिशातून काढला आणि अंगठ्याने आकड्यावरून हळूहळू चाचपलं. एकदा, मग पुन्हा. तुकडा जस्ताच्या ढिगात टाकून ते उठले, बर्नर बंद केला आणि भिंतीवरच्या फोनची बटणं बोटांनी मोजत दाबली.

"ग्रॅहम, ईस्टरला मला धरू नकोस," ते इंग्रजीत म्हणाले. "नाही, तब्येत ठीक आहे. डोळे." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. "नाही रे, पुढच्या वर्षीचंही नको सांगूस आत्ता," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. हात मात्र फोनवरच राहिला.

विमलकाकू चहा घेऊन आल्या. भांड्यातलं शिसं काळवंडून थिजायला लागलं होतं.

"झाल्या का गोळ्या?"

"नाही." काका त्यांच्याकडे वळले. "विमल, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरला फोन करायला हवा."

काकूंनी सुलेखाचा कप बाकावर ठेवला. काकांचा ठेवला नाही. त्यांचा हात धरून कपाचा कान त्यांच्या बोटांत दिला आणि पकड बसल्यावरच सोडला.

"सतरा तारखेची वेळ घेतलेली आहे," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यातच."