पाणी सोडलं

हुंदराज मिस्त्रीनं जीपच्या रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट बुडवलं आणि सरळ जिभेला लावलं.

"हळद," तो म्हणाला.

चंदर ओशाळला. गळती बुजावी म्हणून एका मिस्त्रीनं रेडिएटरमध्ये हळद ओतली होती, दुसऱ्यानं साबणाचा चुरा आणि तिसऱ्यानं चक्क अंड्याचा बलक. इंजिनाचं कालवण झालं, पण पाणी जायचं ते जातच राहिलं.

जीप लष्कराच्या लिलावातली. पालेगावात तेवढी एकच. दर शनिवारी चंदर आपल्या आईवडिलांना, म्हणजे बुधाजी आणि पुतळाबाईला घेऊन वांगणीकडच्या शेतावर जायचा. बदलापूरपर्यंत जीप अगदी गुणाची. तिथे वेशीवर मारुतीसमोर गाडी थांबवून बुधाजी खाली उतरे, पुढच्या बंपरखाली वाकून ताजी लिंबू-मिरची बांधी आणि धोतराला हात पुसत पुन्हा येऊन बसे. इतकं करूनही दोन मैलांवर इंजिन उकळायचंच. आणि तेही नेमकं सोनीच्या घरासमोर.

सोनी त्यांची मुलगी. बापानं ठरवलेलं स्थळ नाकारून तिनं रानपाड्यावरच्या कान्हाशी लग्न केलं, त्याला पाच वर्षं झाली होती. "तुझे नावान पानी सोरला मी," असं बुधाजी तेव्हा चारचौघांत बोलून बसला होता. आणि बुधाजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सोनीच्या घरी कोणी पाऊल टाकायचं नाही, असा घरात दंडक होता.

पण तापलेल्या गाडीला पाणी लागतं आणि त्या रस्त्यावर घर सोनीचं तेवढंच. पुतळाबाई डबा घेऊन जाई. इंजिन निवेपर्यंत पाणी ओतता येत नाही, म्हणून तिला अर्धा तास मिळे. तेवढ्यात ती नातवाला मांडीवर घेई, सोनीची वेणी घाली. आठवडाभर ती त्या अर्ध्या तासावर जगायची. बुधाजी मात्र घराकडे पाठ करून जीपच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसून राही. एवढा हट्टी माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

आईचं सुख चंदरला दिसत होतं. पण असंच चाललं तर एक दिवस इंजिन कायमचं बसेल, हेही दिसत होतं. या खेपेला दुरुस्ती झाली नाही तर जीप विकायची, असं त्यानं घरात सांगून टाकलं. म्हणून तिघं उल्हासनगरच्या कॅम्पात हुंदराजकडे आले होते. फाळणीत हा माणूस सिंधमधून आला तो पान्यांची एक पेटी घेऊन. पण त्याच्या हातात काय जादू होती ते कल्याणपर्यंतचे ड्रायव्हर सांगत.

चंदर बघतच राहिला. हुंदराजनं आधी रेडिएटर धुऊन सगळं कालवण काढलं. तेलाची कांडी ओढून बघितली. तेलात पाणी उतरलं असतं तर ते ताकासारखं पांढरं झालं असतं, तसं नव्हतं. रबरी नळ्या त्यानं एकेक करून दाबल्या. सांध्यांवर चुलीतली राख भुरभुरली, म्हणजे थेंब गळाला तर ओघळ दिसेल. मग इंजिन तासभर चालू ठेवलं. राख कोरडी ती कोरडीच.

"साईं, ही गाडी गळत नाय," तो म्हणाला. "बंद कुठे पडते?"

चंदरनं सोनीचं सगळं सांगितलं. हुंदराज जीपखाली सरकला. रेडिएटरच्या तळाशी पाणी काढून टाकायचा एक छोटा पितळी नळ असतो. साऱ्या गाडीवर चिखलाचे थर होते, पण त्या नळाचा पिळायचा कान तेवढा रोज घासलेल्या तांब्यासारखा लखलखत होता. हात लागल्याशिवाय पितळ असं चमकत नाही.

बाहेर येऊन त्यानं बाकड्याकडे पाहिलं. पुतळाबाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. त्यात नातवासाठी तांदळाचे लाडू होते. गाडी बंद पडणार हे ठाऊक असल्यासारखी ती दर शनिवारी ते बांधून घ्यायची. आता तिचा चेहरा पार उतरला होता. दुरुस्ती आजच होईल का, असं तिचं दोनदा विचारून झालं होतं.

हुंदराजनं नळाला तारेचा वेढा घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की नळ सैल होता, आता हादऱ्यानं सुटणार नाही. चंदरला तर त्याचे पाय धरावेसे वाटले. तो बोनेट लावायला वळला, तसा हुंदराज बाकड्याशी आला.

"ताई, मी कोणाला बोलणार नाय," तो हळूच म्हणाला. "तार अशी बांधलीय, बोटानं सुटेल. नळ पहिल्यासारखा खोला, मुलीला भेटा."

पुतळाबाईनं चमकून वर पाहिलं.

"कंचा नळ?" ती म्हणाली. "मना त्यातला काय ठावं, दादा? मना वाटं, देवच थांबवतं गारी."

ती खोटं बोलत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं निदान चुकलं, हे हुंदराजला कळलं. तिला जीपकडे जाताना बघत तो तसाच उभा राहिला.

मागून कोणीतरी खाकरलं. बुधाजी होता. त्याच्या हातात लिंबू-मिरची होती आणि नजर जमिनीवर.

"मिस्त्री," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "पानी सोरायचा झाला, त ती तार कंच्या अंगाला फिरवायची?"