कडुनिंबाखालची मोकळी जागा

खुरपं खट्‌कन दगडाला लागलं आणि उज्वलाचा हात मनगटापर्यंत झिणझिणला. तिनं माती बाजूला सारली. खाली शहाबादी फरशी होती. आडवी, बेतानं बसवलेली. परसात, कडुनिंबाच्या बुडाशी, फरशी कोण कशाला पुरून ठेवेल?

रविवारची दुपार होती. नवरा या रविवारी नोकरीच्या गावी, रेणापूरलाच राहिलेला. माळीकाम करणारे गुरुबसप्पा लातूरला लेकाकडं गेलेले. म्हणून तर तिनं आजचा दिवस साधला होता.

शाळेत शिकवत चौदा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलल्यावर उदगीरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये हे घर झालं होतं. तिचं स्वतःचं. मागचा हा कोपरा मात्र पहिल्यापासून तिच्याशी फटकून वागत होता. वर निंबाची गर्द सावली, खाली त्याच्या मुळांनी शोषून घेतलेली कोरडीठाक माती. लॉन दोनदा जळलं. गुलाबांनी आठवड्यात माना टाकल्या. तिनं हात टेकले आणि नेमके त्याच सुमारास गुरुबसप्पा फाटकाशी येऊन उभे राहिले. सत्तरीचे, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. "बागेचं काम करतो. पगार नको," म्हणाले. फुकटचा माळी! नवऱ्याला तर आकाश ठेंगणं झालं.

त्यांनी पांढऱ्या पट्ट्यांच्या स्पायडर प्लांटची पिल्लं आणून लावली. आठ दिवसांतून एकदा तांब्याभर पाणी, बस्स. निव्वळ हिरवा फुटवा दिसला की मुळासकट उपटायचे. "ह्याला ठिवलं की पट्टेवाल्याला खाऊन टाकतंय," म्हणायचे. दर पंधरवड्याला रोपांच्या बुडाशी ताजी मुरमाड माती ओढायचे.

"माती कुठून आणता, अप्पा?"

"हितलीच हाय की, ताई."

वर्षभरात कोपरा पट्टेरी पानांनी भरला. निंबाच्या सावलीत ती पानं उगीचच उजळलेली वाटायची. एका जागी तर इतकी दाट की बोट शिरत नव्हतं. त्याच्याच शेजारचा अडीच हातांचा चौकोन मात्र गुरुबसप्पांनी मोकळा ठेवला. "तेवढी सोडा," याच्यापुढं काही बोलत नसत. संध्याकाळी निघताना त्या पानांकडं बघून कानडीत हळूच म्हणत, "बरतीनि." येतो म्हणून. उज्वला स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघायची आणि तिच्या अंगावर काटा यायचा. कुणाला सांगून जातो हा माणूस? तिला भीती वाटायची, आणि स्वतःच्या घरात भीती वाटते याचा रागही यायचा. आज त्या चौकोनात रोपं लावायचीच, अप्पांनी कुरकुर केली तर उद्यापासून येऊ नका म्हणायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

तिनं पहार आणली, फरशीच्या फटीत घातली आणि सगळा जोर लावला. फरशी सरकली.

खाली खड्डा होता. माणूस मांडी घालून बसला तर डोक्यावर हातभर उरेल एवढा. कडा शेणानं सारवलेल्या. एका बाजूला छोटा कोनाडा, त्यात पणती, पणतीत नवी कोरी वात. तळाला कचऱ्याचा कण नव्हता. कुणीतरी नुकताच झाडून घेतला होता.

"उघडं नका ठिवू, ताई. पाला पडतोय आत."

उज्वला किंचाळलीच. मागं गुरुबसप्पा उभे होते, हातात पिशवी. लातूरची लवकरची एसटी मिळाली असावी.

"हे काय आहे, अप्पा? कुणी खणलं?"

"मीच. तुमी शाळेत गेल्यावर. रोज थोडं थोडं." ते हळूच खाली बसले आणि शेजारच्या दाट पानांवरनं हात फिरवला. "आमच्यात जाळत न्हाईत, ताई. बसवून मातीत ठिवतेत. हे आमचं रान हुतं. आमची कारभारीण नीलम्मा हितं बसलीय, अकरा वर्षं झाली. माझ्याच पोरांनी रान इकून प्लॉट पाडताना समाधीचा दगड काढला आन् वरून जेसीबी फिरवला. तुमाला कोण सांगणार?"

उज्वला एक पाऊल मागं सरली. "इथं... बसल्यात?"

"हाव. तोंड हिकडं हाय तिचं, तुमच्या खिडकीकडं. तवा तिथं घर कुठलं, ज्वारी हुती."

उज्वलाला खिडकीकडं मान वळवायचा धीर होईना. घर झाल्यापासून ती तिथं उभी राहून भाकरी थापत होती.

"आन् ही जागा माझी," गुरुबसप्पा म्हणाले. "मी गेलो की पोरं मला गावाच्या रुद्रभूमीत, आमच्या मसणवट्यात नेऊन बसवतेत. तिथं मी एकटाच. पर घर तुमचं हाय, ताई. बुजवा म्हणलात तर आत्ता बुजवतो. सगळी माती हितंच हाय."

त्यांनी खुरप्यासाठी हात पुढं केला.

उज्वलानं खुरपं दिलं नाही. भीती गेली नव्हती. पण या जागेत आधी कोण राहायला आलं होतं, हे कळायला काही मोठी शाळा शिकावी लागत नव्हती. तिनं वाकून कोनाड्याच्या काठावर पडलेली निंबाची दोन पानं उचलली, फरशी परत जागेवर ओढली, आणि हात झटकत विचारलं,

"अप्पा, तुमचं तोंड कुणीकडं करायचं?"