अर्धा क्षण मागे

मुलांनो, डोळे मिटा आणि एक मालिका मनात आणा. राणी रडते, चोर कुजबुजतो, अस्वल धमकावतं. आणि या सगळ्यांच्या मागोमाग एकच म्हातारा, न रडता, न धमकावता, त्यांचं बोलणं आपल्या भाषेत वाचत जातो. आमच्या पोलंडमध्ये परदेशी मालिका अशाच ऐकतात. आता असं समजा, की तो म्हातारा तुमचा आजोबा आहे, आणि आज त्याच्या घशाचं ऑपरेशन आहे.

यागोदा हॉस्पिटलात आजोबांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसली होती. दोन्ही हातांचे अंगठे तिने मुठीत दाबून धरले होते. कुणाची परीक्षा असो, शर्यत असो, ऑपरेशन असो, सगळं नीट पार पडावं म्हणून आमच्याकडे सगळेच त्याच्यासाठी असे अंगठे धरतात. पण यागोदाने सकाळपासून ते एकदाही सोडले नव्हते. खसखशीचा रोलसुद्धा तिने दोन मुठींमध्ये पकडून खाल्ला होता.

आजोबांनी उशीखालून एक जाडजूड पुस्तक काढलं. ‘मिठाचं राज्य’, भाग पहिला.

“घे. सुरुवातीपासून वाच.” त्यांचा आवाज घोगरा झाला होता.

“मालिका बघितलीय की मी. सगळी.”

“पुस्तक कुठे बघितलंस?”

“तेच असणार ना. आमच्या वर्गातला तिमोन म्हणतो, मालिका बघितलेल्यांनी सरळ चौथा भाग घ्यायचा. पहिले तीन वाचणं म्हणजे उष्टं खाणं.”

“मोठा आला तिमोन. बरं, चौथा मागवू?”

“नको,” ती घाईने म्हणाली. “पुढचं मी मालिकेतच ऐकेन. तुम्ही वाचाल तेव्हा.”

आजोबांनी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टरांनी काल नक्की सांगितलं नव्हतं. यागोदा तेव्हा दाराआड उभी होती.

नर्स आली. आजोबांच्या मनगटावरच्या पट्टीवरचं नाव तिने वाचलं आणि थबकली.

“झेनोन आजोबा, तुम्हीच ना ते मालिका वाचणारे? आमच्या घरात वडिलांपेक्षा तुमचंच बोलणं जास्त चालायचं.”

“वडील काही म्हणायचे नाहीत?”

“तुम्ही बोलू दिलं असतंत तर म्हणाले असते. आता जरा घशाला आराम द्या. न्यायला येतीलच.”

ती गेली. ‘न्यायला’ हा शब्द मात्र खोलीतच राहिला. यागोदाला हातांचं काहीतरी करायला हवं होतं. तिने एक मूठ उघडली आणि पुस्तकाचं पहिलं पान काढलं.

मालिका सुरू होते तेव्हा तिची नायिका वेस्ला विहिरीत उडी मारते. इथे विहीरच नव्हती. इथे लिहिलं होतं, ‘ज्या वर्षी मीठ गोड झालं, त्या वर्षी वेस्ला जन्मली.’

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग ती थांबली. आता कानात आजोबांचा आवाज येईल, नेहमी येतो तसा. आला नाही. बाहेर कुणीतरी चाकांचं काहीतरी ढकलत नेत होतं, तेवढंच ऐकू आलं. तिने पुस्तक मिटलं आणि अंगठा परत मुठीत घेतला.

“हे मालिकेत नव्हतं.”

“नव्हतं. गाळलं त्यांनी.”

“आजोबा, यात तुमचा आवाजच येत नाहीये,” ती अगदी हळू म्हणाली. “आत्तापासूनच येत नाहीये.”

आजोबांनी आवंढा गिळला. त्यांना ते दुखलं.

“वेस्ला विहिरीत उडी मारते. तिथे माझ्याआधी काय ऐकू येतं?”

“काही नाही.”

“नीट आठव.”

यागोदाने आठवलं. “ती ओरडते. तिच्या भाषेत.”

“मग?”

“मग तुम्ही.”

“लगेच?”

“नाही. थोडंसं थांबून.”

“झालं तर. तेवढंच माझं काम. अर्धा क्षण मागे राहायचं, आधी तिला बोलू द्यायचं. आणि भीती ऐकणाऱ्यासाठी ठेवायची, आपण घाबरून वाचायचं नाही.”

“तुम्हाला भीती वाटायचीच नाही?”

“वाटायची तर. अस्वलाचा भाग वाचताना पाय गार पडायचे.”

“आणि आत्ता?”

“हात लावून बघ.”

यागोदाने मिटल्या मुठीनेच पांघरुणाखालचा पाय चाचपला. खरंच गार होता. तिने मूठ तिथेच ठेवली.

मग न्यायला माणसं आली. आजोबांना चाकांच्या खाटेवर घेतलं. खाली कागदपत्रं भरायला गेलेली यागोदाची आई धावत आली आणि खाटेची कड धरून चालू लागली. यागोदा पुस्तक काखेत मारून मागून निघाली. कॉरिडॉरच्या टोकाला ऑपरेशन थिएटरचं दोन झडपांचं दार होतं.

“इथपर्यंतच हं,” खाट ढकलणारा माणूस म्हणाला.

आजोबांनी पांघरुणातून दोन्ही हात वर काढले. मुठी मिटलेल्या होत्या, अंगठे आत. दार उघडलं आणि मिटलं. आई भिंतीला टेकून उभी राहिली.

यागोदा समोरच्या बाकावर बसली. तिने एक मूठ उघडली, दुसरी मिटलेलीच ठेवली. पुस्तक मांडीवर घेऊन ती पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागली, न रडता, न धमकावता. प्रत्येक वाक्याआधी ती दाराकडे बघून अर्धा क्षण थांबत होती.