केंद्राला एकच टीव्ही

“अर्ज चांगला हाय गुरुजी, पण चालत नाही,” म्हणत सौसरच्या शिक्षण दफ्तरातल्या केशवबाबूंनी कागद परत सरकवला. “सरकार टीवीच्या किमतीत छूट देऊन राहिली, ते आजूबाजूच्या शाळायच्या एका केंद्रात एकाच शाळेले. तुमच्या केंद्रात मोठी शाळा हाय. पहिला हक्क तिचा. तिच्या अध्यक्षानं ‘आमाले नको’ असं लिहून देलं, तरच तुमचा नंबर.”

“अन् नाही लिहून देलं तर?”

“तर रेडिओ ऐका,” म्हणून बाबू पान लावायला लागले.

रामाकोन्याच्या पलीकडच्या त्या गावात शाळा दोन होत्या. गावठाणात मोठी, बौद्धपुऱ्यात छोटी. मनोहर गुरुजी छोटीचे एकमेव मास्तर. मोठीच्या खात्यातून जे वजा होई, ते छोटीच्या खात्यात जमा होई. फाटका नकाशा, डुगडुगती खुर्ची, खडू उमटत नाही असा फळा. नवी कोरी वस्तू शाळेत येताना गुरुजींनी पाहिली नव्हती. टीव्ही आला असता तर तो पहिला. बंद खोक्यातला, कोणाचा हात न लागलेला. गुरुजींचा जीव त्या खोक्यात अडकला होता.

मोठ्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव. संत्र्याचा बगीचा, पांढुर्ण्याच्या बाजारात वट, आणि गावातला एकुलता एक टीव्ही त्यांच्या ओसरीवर. माणूस हिशेबी. त्यांच्याकडून कोणी काही फुकट नेलं, असं गावाला आठवत नव्हतं. अपवाद तेवढा रविवार सकाळचा. मालिका लागली की ओसरीवर सगळं गाव बसे, बौद्धपुऱ्यातली पोरंही. पुंडलिकरावांनी कधी कोणाला उठवलं नाही. गावात त्यांच्याबद्दल जे काही बरं बोललं जाई, ते एवढ्याच भांडवलावर.

“जाऊन तर पाहा,” गुरुजींची बायको चंद्रकला म्हणाली. “नाही म्हनतीन. नाही आयकाची सवय हाय आपल्याले.”

गुरुजी गेले. पुंडलिकराव स्वतः ओसरी उतरून खाली आले, अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकली.

“इथं वारा चांगला हाय. बोला.”

गुरुजींनी वाटभर बारा मुद्दे जुळवले होते. पहिला अर्धा झाला होता, तेवढ्यात पुंडलिकराव म्हणाले, “सही कुठं करू?”

गुरुजींना क्षणभर वाईटच वाटलं. बाकीचे मुद्दे वाया गेले होते.

“समितीतले बाकीचे लोक?”

“त्यायचं मी पाहतो. शाळेत लाइट हाय?”

“नाही.”

“मंग लाइनमनले धाडतो. तुम्ही बाकी कागद करा, उशीर नका करू.”

उशीर पुंडलिकरावांनीच होऊ दिला नाही. तारा ओढल्या गेल्या. अर्ज अडला तेव्हा ते स्वतः सौसरला जाऊन केशवबाबूंच्या समोर बसले आणि शिक्का पडेपर्यंत उठले नाहीत. शाळेच्या वाट्यात जे कमी पडलं, तेही त्यांनी भरलं.

गाव चक्रावलं. चंद्रकला तर जास्तच.

“फुकटचं संत्रं देत नाही तो माणूस. काहीतरी पायजे असन त्याले.”

“काय पायजे असन?”

“चुनाव?”

“दूर हाय. अन् आपली मतं त्याले कधी पडली?”

“जागा मांगन शाळेची.”

“जागा सरकारची हाय.”

“मंग नावाची पाटी लावून घेईन.”

पाटीचं गुरुजींनी विचारून पाहिलं. पुंडलिकरावांनी हात हलवला. “माहं नाव कुठंच टाकू नका. पोरायची सोय झाली, पुरे.”

“माणूस बदलला म्हना मंग,” चंद्रकला नाइलाजानं म्हणाली.

गुरुजींना स्वतःचीच लाज वाटली. जन्मभर लोकांनी आपल्याबद्दल वाईट धरलं म्हणून आपणही तेच करून राहिलो, असं ते म्हणाले. पुंडलिकरावांच्या नावावर मांडून ठेवलेला संशय त्यांनी त्या दिवशी खोडून टाकला.

टीव्ही आला तो पुंडलिकरावांच्याच बैलगाडीतून. ते शाळेच्या फाटकाशी थांबले.

“तुम्ही बी या न आत,” गुरुजी म्हणाले.

“पोरायनंच उतरवू द्या. त्यायचा हाय तो.”

पोरांनी खोकं असं उचललं, जसं आत कोणी झोपलेलं असावं. चंद्रकलेनं त्यावर झेंडूचं फूल ठेवलं. फोडायच्या आधी गुरुजींनी चिकटपट्टीवरून एकदा बोट फिरवलं. ती कुठेच सुटलेली नव्हती.

रविवारी छोट्या शाळेत पहिल्यांदा मालिका लागली. चित्र स्वच्छ होतं. पोरं दाटीवाटीनं बसली होती, आणि मागं त्यांच्या आया उभ्या होत्या. गुरुजींनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं, बराच वेळ पोरांकडे. मग उठून ते पुंडलिकरावांकडे निघाले. असल्या उपकाराची परतफेड होत नाही, पण तोंडानं तरी सांगावं.

पुंडलिकराव बगीच्यात गेले होते. ओसरीवर गावठाणातली पोरं टीव्हीसमोर ऐसपैस बसली होती. पुंडलिकरावांची बायको अंबाबाई अंगणात उन्हात पाय पसरून बसल्या होत्या.

“बसला का टीवी, गुरुजी?”

“बसला, आई. पोरं लय खुश हायत. भाऊसायबाचे उपकार मानाले आलो.”

“अन् माहे नाही मानत?” अंबाबाई हसल्या. “यायच्या डोक्यात कुठून येते असं? मीच मांगं लागली होती. तुमची पोरं उठून गेली का दर रविवारी गोमूत्र शिपून सारी ओसरी सारवा लागे मले. कंबर राहिली नाही, बाप्पा. शेवटी म्हटलं यायले, काही बी करा, पण त्यायच्याच शाळेत एक टीवी लावून द्या.”