मुलीचं काय म्हणणं?

देर्याने तुर्की रिवाजाप्रमाणे होणाऱ्या नवऱ्याच्या कॉफीत चमचाभर मीठ घातलं होतं. निहारने ती तोंड वाकडं न करता संपवली. इझमीरच्या त्या दिवाणखान्यात तिचे बाबा पहिल्यांदाच हसले.

आता मागणी घालायची. सांगलीहून आलेल्या निहारच्या आई इंग्रजी बोलत, देर्याच्या बाबांना फक्त तुर्की येई. दोन्ही येणारी एकटी देर्या, आणि ती कोर्टात दुभाषी. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा नियम तिच्या अंगात मुरलेला.

"तुमची मुलगी आमच्या घरी द्या," आई म्हणाल्या. कान लालबुंद झाले तरी देर्याने ते जसंच्या तसं तुर्कीत सांगितलं.

बाबांनी रिकामा कप खाली ठेवला. मग ते बोलले आणि देर्याच्या तोंडून ते इंग्रजीत उतरलं, "ती गेल्यावर मी भांडू कुणाशी? मला करमायचं नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही." तिचा आवाज चिरकला. "पण माझी ना नाही. तिलाच विचारा."

"मग सांग बाई, तुझं काय म्हणणं?" आईंनी तिला विचारलं.

सवयीने तिने या प्रश्नाचंही तुर्की केलं. सगळे खो खो हसले. तशी ती निहारने शिकवलेल्या मराठीत ओरडली, "हो आई, हो!"

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

देर्याला शब्द फुटेना. तेव्हा निहारच उठला आणि त्याला येणारा एकुलता एक तुर्की शब्द, त्यांचा 'हो', दणक्यात म्हणाला, "एव्हेत!"